मोंढ्यातली वही आणि 1948 साल



हैदराबाद मुक्तिसंग्रामावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडून एक सवलत मागून घेतली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, आपल्या जिल्ह्याचे मुकुंदराव पेडगावकर, सेलूचे विनायकराव चारठाणकर, वसमतकडचे हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्याविषयी आपल्या परभणीत अनेकदा बोललं गेलं आहे आणि यापुढेही बोललं गेलंच पाहिजे. मला आज मोंढ्यात बसणाऱ्या माणसाबद्दल बोलू द्या, असं मी म्हणालो. त्यात आडत्या आला, त्याचा दिवाणजी, मापाडी, हमाल, पेठेतला सराफ, वेशीजवळचा लोहार, कापूस पिंजणारा पिंजारी असे सगळे आले. ही माणसं तुरुंगात गेली नाहीत म्हणून इतिहासात आली नाहीत. पण त्या लढ्याची धामधूम त्यांच्या ओट्यावर रोज सकाळी येऊन बसत होती.

माझे आजोबा मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या हातचा एक रोजमेळ आमच्या माळ्यावर होता. लाल खारव्याचं वेष्टण, वर आडवी-उभी शिवण आणि गुंडाळून बांधायला लांब दोरी. आतल्या कागदावर रेघा नाहीत, कागद दुमडून सळ पाडलेले आहेत आणि त्या सळांनीच रकाने झालेले. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. बोरूने लिहिलेली मोडी. लहानपणी मला ती वही म्हणजे मुंग्यांची रांग वाटायची. मोडी मी फार उशिरा शिकलो, आणि शिकल्यावर पहिली उघडली ती हीच वही.

ती सुरू होते 1947 च्या दिवाळीत, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झालेले आणि परभणी अजून निजामाच्या राज्यात. वहीत शके 1869 आहे. शेजारच्या मारवाडी पेढीवर त्याच दिवशी विक्रम संवत 2004 लिहिलं गेलं असणार. तहसिलीतल्या उर्दू कागदावर फसली 1357. रेल्वेच्या पावतीवर इंग्रजी तारीख. एकाच दिवसाची चार नावं सांभाळत या माणसांना धंदा करायचा होता. आपण सहज म्हणतो की मराठवाडा तेरा महिने उशिरा स्वतंत्र झाला. त्या तेरा महिन्यांत माणसं उठून दुकान कसं उघडत होती, हे मात्र आपण विचारलेलं नाही.

दुकान उघडणाऱ्या माणसांचाच धागा धरून आता थोडं दूर जाऊ. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया नावाच्या इंग्रज वसाहतीत 1851 मध्ये सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं तिकडे धावली. बॅलारट नावाच्या गावाभोवती तंबूंचं शहर उभं राहिलं. सरकारने सोनं खणणाऱ्यावर परवाना बसवला. सुरुवातीला तो महिन्याला 30 शिलिंग होता आणि सोनं सापडो न सापडो, तो भरायचाच. मालवाहू गाड्या घेऊन गेलेल्या दुकानदारालाही वेगळा परवाना लागायचा. पोलीस परवाने तपासायला येत ते शिकारीला निघाल्यासारखे. शेवटी लोकांचा संयम सुटला. युरेका नावाच्या जागी त्यांनी लाकडं आणि गाड्या रचून कोट केला आणि 3 डिसेंबर 1854 च्या पहाटे लष्कराने तो पंधरा-वीस मिनिटांत मोडून काढला. कोटातली वीसहून अधिक माणसं मेली.

ही गोष्ट खाणकऱ्यांची म्हणून सांगितली जाते. पण त्या मृतांची नावं वाचताना मी थबकलो. थोनेन नावाचा जर्मन माणूस, तो लेमोनेड विकायचा. हाफेले नावाचा लोहार, त्याने कोटातल्या लोकांसाठी भाले घडवले. मार्टिन डायमंड हा दुकानदार. त्याचं आणि त्याची बायको ॲन हिचं कापडी दुकान नेमकं कोटाच्या आत होतं. मार्टिन मारला गेला, दुकान जळालं आणि ॲन सरकारदरबारी नुकसानभरपाई मागत राहिली. यातल्या कुणाचं पोट कुदळीवर नव्हतं. सोन्याच्या शेतावर कुदळ मारणाऱ्याला पीठ, सरबत आणि खिळे पुरवणारी ही माणसं होती. दंगल झाली तेव्हा त्यांना घरी जाता आलं नाही, कारण दुकान हेच त्यांचं घर होतं.

आपल्याकडे सोन्याची खाण नाही. निजामाच्या राज्यात ती होती, पण दूर रायचूरकडे, हट्टीला. परभणीचं सोनं पांढरं. नांदेड-परभणी पट्ट्यातला गावरानी कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला होता आणि मुंबईच्या गिरण्यांत त्याला मागणी होती. विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली. त्या लोखंडी रुळांनी सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही गावं मुंबईच्या बाजाराला जोडली. जिन आले, प्रेस आले. दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग लागायची, ती संक्रांत उलटली तरी हटायची नाही. शेतकरी गाडीखालीच पोतं अंथरून निजायचा. सकाळी आडत्या येऊन कापसात हात घालायचा, मूठभर बाहेर काढून बोटांनी धागा ओढून बघायचा, मग रुमालाखाली दोन हात एकत्र यायचे आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरायचा. शेतकरी बिचारा बाजूला उभा. त्या रुमालाखाली काय ठरलं हे त्याला पट्टी हातात पडल्यावर कळे. हैदराबाद राज्याने 1930 साली शेतमाल बाजाराचा कायदा केला तो याच लबाडीला आळा बसावा म्हणून. मी मोंढ्याची थोरवी गायला उभा नाही. काट्यात मारणारे होते, कटती जास्त धरणारे होते, सावकारीत जमिनी गिळणारेही होते. हे मान्य करूनच पुढे बोलतो.

या सगळ्या व्यवहाराचा एक कणा होता, तो म्हणजे नाणं. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, हाली शिक्का. इंग्रजी इलाख्यातला रुपया म्हणजे कलदार. हिशेब असा की 100 कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. तोंडी सोपं करून सांगायचे, सात हालीचे सहा कलदार. शेतकऱ्याला पट्टी हालीत मिळायची, कारण त्याला सारा हालीत भरायचा होता. मुंबईचा व्यापारी पैसा पाठवायचा कलदारात. मधला आडत्या रोज सकाळ-संध्याकाळ या दोन नाण्यांच्या मध्ये उभा. आजोबांच्या रोजमेळात रकमेपुढे कुठे ‘हा’ आहे, कुठे ‘क’. एका अक्षराची ती खूण. ती चुकली की शंभरामागे सोळा रुपयांचा फरक.

29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. लोकांना वाटलं, आता वर्षभर तरी शांतता. पण पाठोपाठ निजाम सरकारने दोन फतवे काढले. एकाने सोन्या-चांदीसारखे मौल्यवान धातू राज्याबाहेर नेण्यावर बंधन आलं. दुसऱ्याने भारतीय चलन राज्यात कायदेशीर राहिलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात या दोन ओळी करारभंगाच्या यादीत येतात. त्याच यादीत पाकिस्तानला दिलेल्या 20 कोटींच्या कर्जाचाही उल्लेख असतो. दिल्ली आणि हैदराबादच्या पत्रव्यवहारात हे मुद्दे झाले. मोंढ्यात त्याचा अर्थ काय झाला?

ऐन हंगाम. गाड्या दारात. मुंबईहून येणारा पैसा कलदारात आणि तो घेणं गुन्हा. न घ्यावा तर गाठी उचलल्या जात नाहीत, गाठी उचलल्या नाहीत तर शेतकऱ्याची पट्टी चुकती करायला हाली आणायचे कुठून? आणि सराफाकडे जावं तर त्याचीही तीच कोंडी. लग्नसराईत लेकीच्या अंगावर घातलेलं सोनं वऱ्हाडात सासरी निघालं, तर नाक्यावर ते दागिना धरायचं की निर्यात? हिंगोलीहून वाशिमला जाताना लागणाऱ्या कनेरगावाच्या नावाला आजही ‘नाका’ चिकटलेला आहे. तिथे निजामाची हद्द संपायची आणि वऱ्हाड लागायचं. करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई गाडीतलं गाठोडं सोडायला लावत. आज आपली बस तिथून भरधाव निघून जाते.

आजोबांच्या वहीत मार्गशीर्षानंतर ‘क’ हे अक्षर दिसेनासं होतं. व्यवहार थांबले नव्हते, रकमा आहेत. फक्त अक्षर नाही. त्या जागी एक बारीक टिंब आहे. मी कितीतरी दिवस ते शाईचा ठिपका समजत होतो. मग एकदा सगळ्या टिंबांच्या रकमा कागदावर उतरवून सातास सहाने ताडून पाहिल्या आणि हिशेब पैला पै जुळला. माझे आजोबा चळवळीत नव्हते. त्यांनी कधी झेंडा हातात धरला नाही. पण जे नाणं सरकारने बेकायदा ठरवलं होतं, ते त्यांनी रोज टिंब देऊन जमेला धरलं. पकडले गेले असते तर टिंबावरून ओळखण्याइतके शिपाई हुशार नसतीलही, पण पेढीवर चुगली करणारा एखादा पुरेसा होता.

त्याला शौर्य म्हणा, असं मी सांगत नाही. धंदा चालू राहावा म्हणून त्यांनी ते केलं असेल. पण शेतकऱ्याच्या पट्ट्या त्या हंगामात चुकत्या झाल्या, हेही त्याच वहीत आहे.

लातूरचा वकील कासिम रझवी तोवर निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकारांचा म्होरक्या झाला होता. मोंढ्याच्या गावांवर त्याच्या लोकांचं लक्ष असणं साहजिक होतं, पैसा तिथे होता. खाकी घातलेली पोरं पेढीवर येऊन वर्गणी मागत. पहिल्यांदा पावती देत, मग पावतीही देईनात. दुसरीकडून वऱ्हाडाच्या हद्दीवर, उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची शिबिरं उभी राहिली होती. तिथले तरुण रात्री येऊन करोडगिरीचे नाके उडवत, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरं जाळत, शिंदीची झाडं तोडत. लेव्हीचं धान्य घालू नका, असं गावोगाव सांगत. त्यांनाही पैसा, कापड, औषध, बॅटरीचे सेल लागत. तेही दुकानदारच देई. दिवसा एकाला, रात्री दुसऱ्याला. या माणसाला दुटप्पी म्हणणं फार सोपं आहे. तुमच्या ओट्यावर बंदूक घेतलेला माणूस उभा असताना आणि आत माजघरात पोरं असताना तुम्ही काय केलं असतंत, हे आधी स्वतःला विचारावं.

30 जानेवारी 1948. हा दिवस सगळ्यांना गांधीजींच्या हत्येसाठी आठवतो. त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक क्रांतिकारकांनी लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती लागली आणि तिचा पै-पैचा हिशेब ठेवला गेला, हे आजही अभिमानाने सांगितलं जातं, सांगितलं जायलाच हवं. मला त्यात एक प्रश्न पडतो. उमरीसारख्या लहानशा गावाच्या बँकेत एवढा पैसा का होता? माझ्या मते याचं उत्तर त्या महिन्यात आहे. जानेवारी म्हणजे कापसाच्या खरेदीचा भर. उमरी हा कापसाचा बाजार, तिथे जिन होते. तिजोरीत होती ती हंगामाची उलाढाल. म्हणजे मुक्तिसंग्रामाचा तो सगळ्यात मोठा निधी अखेर शेतातून मोंढ्यात आणि मोंढ्यातून बँकेत गेलेल्या कापसाचाच होता.

लोहाराकडे वळतो. गावोगावच्या आठवणींत एक गोष्ट सारखी येते. उन्हाळ्यात रझाकारांचे हल्ले वाढले, तेव्हा गावांनी स्वतःची राखण सुरू केली. वेशीवर पहारे बसले, गढीच्या बुरुजावर दगडांचे ढीग लागले. आणि लोहाराची भट्टी रात्रीही पेटती राहिली. जो पावसाळ्याआधी पाभरीचे फण आणि कुळवाची पास शेवटून द्यायचा, तो भाल्याची पाती घडवू लागला. बॅलारटच्या हाफेलेने जे केलं तेच. ऐरण तीच आणि घणही तोच. बलुतेदाराला या कामाचं बलुतं मिळालं का? सुगीला खळ्यावर त्याला जे धान्य मोजून देतात, त्यात भाल्याचा वाटा कुठे धरायचा? हा प्रश्न मी एका म्हाताऱ्या लोहारदादांना विचारला होता. ते म्हणाले, “खळंच झालं न्हाई त्या साली आमच्या गावात, तर बलुतं कुठलं.” एवढंच बोलून त्यांनी भाता ओढायला सुरुवात केली.

बाहेरून भारताची नाकेबंदी होती. पेट्रोल, औषधं, यंत्रांचे सुटे भाग येईनात. रॉकेल महागलं. ज्यांना शक्य होतं त्या व्यापाऱ्यांनी बायकापोरांना वाशिम, अकोला, नगर, सोलापूरकडे नातेवाइकांकडे पाठवलं. सोनं भिंतीत गेलं, चुलीखाली गेलं, तुळशीवृंदावनाच्या पायात गेलं. त्या वर्षी सराफाच्या पेठेत झारेकरीही फिरकले नसतील. सोनाराच्या दुकानापुढची धूळ झाडून नेऊन, ती धुऊन, त्यातला गुंजभर सोन्याचा कण काढून जगणारी ही माणसं. आपल्या गावचे खरे सोनं शोधणारे तेच. जिथे मूस तापत नाही तिथे धुळीत काय पडणार?

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा चारी बाजूंनी आत शिरल्या. 17 तारखेला निजाम शरण आला. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. त्या आठवड्याचं आजोबांच्या वहीतलं पान मी अनेकदा पाहिलं आहे. पानाच्या माथ्यावर रोजच्यासारखं श्री, मग मिती, मग आदल्या दिवसाची शिल्लक. जमेला काही नाही. नावे एकच ओळ: दिवाबत्तीचं तेल. दुसऱ्या दिवशी तीच शिल्लक, तेल वजा जाता. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेल. बाहेर राज्य उलथत होतं आणि हा माणूस कुलूपबंद आडतीत बसून, एक पैचाही धंदा नसताना, रोज शिल्लक पुढे ओढत होता. का? मला वाटतं, उद्या कुणीतरी येऊन हिशेब विचारणार आहे, यावर त्यांचा विश्वास होता. मग येणारा निजामाचा असो की नेहरूंचा.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला जड जातं, पण ते टाळून खाली बसणं मला जमणार नाही. फौजांच्या या कारवाईनंतरच्या, म्हणजे पोलीस ॲक्शननंतरच्या, दिवसांत मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर दौरा करून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसल्याचं त्यात नोंदवलं आहे आणि राज्यभरातल्या मृतांचा अंदाज 27 हजार ते 40 हजार असा दिला आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. मारले गेले ते सगळे रझाकार नव्हते. त्यात अत्तार होते, मोमीन होते, बागवान होते, मणियार होते, पिंजारी होते. ज्यांनी या मोंढ्याचा कापूस पिंजून आपल्या आजी-पणजीच्या गाद्या भरल्या, ती माणसं. त्यांच्या हिशेबाच्या वह्या कुणी जपल्या असतील? रझाकारांनी जाळलेलं दुकान आणि नंतर जाळलेलं दुकान, राखेत दोन्हींचा काटा सारखाच वाकतो. मुक्तिसंग्राम न्याय्य होता आणि तो जिंकला याचा मला अभिमान आहे. त्या अभिमानाला हे सत्य पेलवलं पाहिजे.

आजोबांच्या वहीत भाद्रपदाच्या शेवटी, पितृपंधरवड्यात, पहिला खर्च पडतो तो हमालीचा. दोन आणे. आडतीची दारं उघडून आतलं बारदान उन्हात टाकलं होतं, त्याची मजुरी. पुढच्या ओळीत हमालाचं नाव आहे आणि ते मुसलमान नाव आहे. ते वाचून मी बराच वेळ वही मिटली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. काही वर्षांनी हाली शिक्का गेला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. ‘हा’ आणि ‘क’ ही अक्षरं वहीतून गेली, वही गेली, मोडी गेली.

आणि आता मुख्य मागणं. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासासाठी आपण सैनिकांच्या मुलाखती घेतल्या, शिबिरांच्या याद्या केल्या. मोंढ्याची दप्तरं मात्र आपण रद्दीत घातली. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, पाथरी इथल्या जुन्या वाड्यांचे माळे दर दिवाळीला झाडले जातात आणि लाल वेष्टणातल्या वह्या किलोवर जातात. मारवाडी पेढ्यांच्या वह्या महाजनीत आहेत, आमच्या मोडीत, सरकारी कागद उर्दूत. तिन्ही लिप्या वाचणारी माणसं आपल्याच शहरात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांना एका टेबलाशी बसवायला फार पैसा लागत नाही. या दिवाळीत माळा झाडताना लाल वही दिसली तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. ग्रंथालयात आणून द्या. द्यायची नसेल तर निदान पानांचे फोटो काढू द्या. कुणाच्या पूर्वजांनी किती व्याज लावलं हे शोधायला आम्ही येत नाही, एवढा शब्द मी या व्यासपीठावरून देतो.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ती या टेबलावर ठेवतो. हात कोरडे करून ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी. भाद्रपदाच्या पानावर मी दोऱ्याची खूण घातली आहे. आणि या सभागृहात महाजनी वाचता येणारं कुणी असेल, तर त्यांनी कृपा करून दहा मिनिटं थांबावं. मधल्या चार पानांवर कुणा शेजारच्या पेढीवाल्याच्या हातचा मजकूर आहे, तो मला अजून लागलेला नाही.